फादर इनास यांचे गुडघे

तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे. हसा, पण कपबशी आधी खाली ठेवा. ठसका लागला तर तेही पाप माझ्याच माथी यायचं!

तर ऐका. मी एका फादरांची निवृत्ती मोडली. लोक ठरलेलं लग्न मोडतात ना, तशी. आणि वैर असतं तर गोष्ट वेगळी, मी मोडली ती निव्वळ प्रेमापोटी.

पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता, तेव्हाची ही हकीकत. आमची शेती कासारवाडीत. स्टेशनापलीकडे पत्र्याच्या छपराचं एक लहानसं चर्च, आणि त्या चर्चचे प्रमुख म्हणजे फादर इनास. मूळचे वसईचे, त्यामुळे मराठी अगदी आपल्यासारखं. कारखान्यात नगरकडून आलेली ख्रिस्ती मंडळी रविवारी प्रार्थनेला जमायची. पण फादरांची औषधाची पेटी मात्र सगळ्यांची. माझ्या आईचं गळू त्यांनी कापलं, धाकट्याचा हिवताप त्यांनी घालवला. सायकलवर पेटी बांधून चिखली काय, माण काय, कुठेही जायचे. आम्ही हिंदू, माळकरी, पण फादर आमचेच.

आता माझ्याविषयी थोडं. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास! पंचक्रोशीचे अर्ज मी लिहायचो. आमच्याकडे रीतच होती. चांगल्या माणसाची बदली आली की अर्ज करायचा, खाली गावाचे अंगठे घ्यायचे, की माणूस जागेवर राहिलाच. दोन मास्तर आणि एक स्टेशनमास्तर मी असे अडकवून ठेवले होते. ते खूश होते की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

एके दिवशी फादरांचा स्वयंपाकी आंतोन धापा टाकत बांधावर आला. "दत्तूभाऊ, फादर चालले! पुण्याहून बिशपसाहेबांचा कागद आला. वय झालं, गुडघे गेले, आता निवृत्त व्हा म्हणून. दुसरे फादर येणारेत."

हातातलं खुरपं टाकून मी निघालो. फादर ट्रंकेत पुस्तकं भरत होते.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"वरिष्ठांची आज्ञा, दत्तोबा. आपण काय बोलणार?" असं म्हणून त्यांनी रुमालानं डोळे पुसले.

झालं! आता तुम्हीच सांगा, माणूस ट्रंक भरताना डोळे पुसतो तेव्हा काय समजायचं? अन्याय! दुसरं काय? साधुपुरुष मुकाट्यानं सोसतोय, आणि आपण बघत बसायचं? मनाशी म्हटलं, फादर जात नाहीत. आपण एकदा ठरवलं की ठरवलं.

कारभारीण भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "पर फादरला इचारलं का, ऱ्हायचंय का त्यास्नी?"

"साधूला विचारायचं असतं का? तो नकोच म्हणणार!"

"मंग नको तर नको," ती म्हणाली. पण बायकोचं ऐकलं असतं तर हा किस्सा झाला असता का?

अर्जाचं एक मर्म असतं बघा. वरच्यांनी जे कारण दिलंय, तेच मुळासकट उपटायचं. गुडघे म्हणता काय? थांबा! मी लिहिलं, 'सदर फादर यांचे गुडघे लोखंडासारखे असून ते सायकलवरून चिखलीस व तेथून माणला मध्ये कोठेही न उतरता जातात. गतसाली विहिरीत पडलेली म्हैस त्यांनी एकट्याने ओढून काढली.'

आता खरं सांगायचं तर दोर आम्ही बारा जणांनी ओढला होता आणि फादर काठावर उभं राहून "हळू, हळू" म्हणत होते. पण अर्जात बारा जण घालून कसं चालेल?

मग अंगठे. चिखलीत एक म्हातारबाबा अडून बसले. "फादर का आमच्या देवाचा हाय? अंगठा कशापायी?"

"बाबा, नातीला ताप आला तवा रात्रंदिवस कोन बसलं होतं?"

म्हातारबाबांनी दोन्ही हात पुढे केले. "दोनी घे. पायाचा चालत असंल तर त्यो बी घे."

शाईच्या दोन बाटल्या संपल्या! पाच जण घेऊन मी पुण्याला बिशपसाहेबांसमोर उभा. पांढरे केस, हळू बोलणं. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला आणि चष्मा वर केला.

"म्हैस?"

"व्हय साहेब," आमच्यातला एक जण पुढे सरसावला. "गाभण व्हती!"

बिशपसाहेबांनी अर्जाची नीट घडी घातली. मग म्हणाले, "बरं झालं आलात. फादरांची इथं टंचाईच आहे." आणि निवृत्ती रद्द!

आम्ही हार आणि हलगी घेऊनच कासारवाडीत शिरलो. दोन दिवसांनी पुन्हा फादरांकडे गेलो तर ते पायरीवर बसलेले, हातात बिशपसाहेबांचं पत्र.

"दत्तोबा," ते म्हणाले, "ही म्हैस कुठली?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तीन वर्षं मी पत्रं लिहीत होतो. गुडघे वाकत नाहीत, मला मोकळं करा म्हणून. प्रार्थनेला गुडघे टेकले की आंतोन मला उठवतो. भावाची वसईला केळीची बाग आहे, तिथं खुर्ची टाकून वाचत बसायचं होतं रे. त्या दिवशी आनंदानं डोळे भरून आले होते माझे. आता साहेब विचारताहेत, इनास, गुडघ्यांचं खोटं का लिहिलंत?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस, आणि मी त्याला साहेबांपुढे खोटा पाडला! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण सकाळी उठलो तो पक्का निश्चय करून. ज्या हातानं मोडलं, त्याच हातानं जोडायचं.

दुसरा अर्ज! या वेळी एकटाच गेलो. मला पाहताच बिशपसाहेब म्हणाले, "आता काय, बैल?"

"साहेब, म्हैस खोटी होती. म्हणजे म्हैस खरी, फादर खोटे... नाही नाही! फादर खरे, मी खोटा!" आणि अर्ज पुढे केला.

आता हात राखून लिहायला काय हरकत होती? पण लेखणी हातात आली की मला आवरत नाही हो. 'सदर फादर यांचे दोन्ही गुडघे कायमचे गेले असून दृष्टी अधू झाली आहे. हात कापतात. घास तोंडी जात नाही. पेजेखेरीज काही पचत नाही.'

बिशपसाहेबांचा चेहरा गंभीर झाला. "इतकं सगळं झालंय, आणि हा माणूस फक्त गुडघे म्हणाला?"

दुसऱ्या दिवशी मोटार आली. सोबत दोन सिस्टर. फादरांना हातांवर उचलून मोटारीत ठेवलं. "अहो, मी चालतो की," असं ते म्हणत होते, पण ऐकतंय कोण? मी मात्र समाधानानं हात हलवला. चालले एकदाचे वसईला!

महिन्याभरानं कळलं, वसईला नाही, पुण्यात सिस्टरांच्या दवाखान्यात आहेत. धावत गेलो. फादर पलंगावर, गळ्यापर्यंत चादर. समोर पेजेची वाटी.

"दृष्टी अधू म्हणून पुस्तकं काढून घेतली," ते म्हणाले. "हात कापतात म्हणून सिस्टर चमच्यानं भरवतात. चपला कुठं ठेवल्यात ठाऊक नाही. वसईला जातो म्हटलं, तर म्हणतात इतक्या आजारी माणसाला प्रवास झेपायचा नाही."

पण मी काय हार मानणारा होतो? खिशातून कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. "फादर, तुम्ही निश्चिंत राहा. आत्ताच्या आत्ता तिसरा अर्ज लिहि..."

वाक्य पुरं व्हायच्या आत चादर उडाली! फादर पलंगावरून खाली, दोन ढांगांत माझ्यापाशी, आणि पेन त्यांच्या मुठीत. दारात औषध घेऊन आलेल्या सिस्टर बघतच राहिल्या.

त्याच आठवड्यात फादर वसईला बागेत पोचले. माझ्या तीन अर्जांतला एवढा एकच कामाला आला. जो मी लिहिलाच नाही तो.