स्वस्तातली कार्बाइन आणि दसऱ्याच्या अक्षता

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला शाळेत चौथीपर्यंतही जमलं नाही. कुणी वाचणार नाही म्हणून लिहायला धजते. चुकून वाचलंच कुणी, तर सांभाळून घ्यावं.

कॅनडात रेजिना शहरात आल्यापासून आमच्या ह्यांनी स्वतःसाठी काही घेतलं नव्हतं. शाळेची बस चालवायची, दारातला बर्फ शोव्हल करायचा, झोपायचं. मग कामावरच्या एकाने त्यांना नेमबाजीच्या क्लबात नेलं, आणि शनिवारी हे शीळ घालत घरी यायला लागले. रीतसर लायसन्स काढलं. बंदुकीला पैसे कमी पडत होते. मी लोकांच्या पोळ्या करून साठवलेले आठशे डॉलर पुढे केले.

"उसने हं," हे म्हणाले. "नीट नाही चालली तर विकून परत करीन."

सगळ्यात स्वस्तातली कार्बाइन आणली. गोळी पिस्तुलाची, पण नळी लांब, खांद्याला लावून मारायची. क्लबातले लोक हसले. असल्या स्वस्त बंदुका सारख्या अडकतात म्हणे. मुलगीही फोनवर वाचून म्हणाली, "बाबा, रिव्ह्यूज आर टेरिबल." पण बंदूक एकदाही अडकली नाही.

मग दसरा आला. शस्त्रपूजेला आम्ही विळी, बसची किल्ली, माझं लाटणं मांडतो. ह्या खेपेला मधोमध कार्बाइन. रिकामी आहे हे दिसावं म्हणून ह्यांनी तिची बाजूची, रिकामं काडतूस बाहेर पडायची खिडकी उघडी ठेवली होती. हळदकुंकू, झेंडू, वर मी भरभरून अक्षता वाहिल्या.

त्या शनिवारी मीही थर्मास घेऊन क्लबात गेले. मला बोलायची भीड, म्हणून मागच्या बाकावर बसले. पहिली गोळी उडाली, दुसरी अडकली. काढली, पुन्हा अडकली. शेजारी नेम धरणारा म्हातारा हसून म्हणाला, "टोल्ड यू." ह्यांचे कान लाल झाले.

परतताना गाडीत शीळ नव्हती.

"विकतो गं. तुझे पैसे तरी सुटतील."

"अहो, मी मागितले का?"

"तू कधी मागणार आहेस?"

विकायच्या आधी पुसावी म्हणून ह्यांनी ती जेवणाच्या टेबलावर उघडली. काजळीत काहीतरी लाल दिसलं. टिचकी मारली, तर कुंकवाचा तांदूळ! मागोमाग आणखी एक, आणि एक अर्धा.

"यू फेड इट राइस?" मुलगी ओरडली.

हे इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला तर रडूच आलं.

पुढच्या शनिवारी हे त्यातला एक दाणा डबीत घालून मला क्लबात घेऊन गेले आणि सगळी हकिगत सांगितली. म्हाताऱ्याने कार्बाइन मागून घेतली, सगळ्या गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. "गुड गन," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "नो मोअर राइस, ओके?" मी मान हलवली.

कमी दारूच्या हलक्या गोळ्या घातल्या तर ती कधीतरी अडकते. पण महागड्या बंदुकाही अडकताना मी पाहिल्यात. त्यांना कुणी हसत नाही, एवढंच.

आता दसऱ्याला कुंकू तिच्या बंद पेटीवर लावतो. आणि हे दर पगाराला माझ्या पोळपाटाखाली एक नोट सरकवायचे, मी पाहिलं नसल्यासारखं करायची. परवा सकाळी शीळ ऐकू आली. पोळपाट उचलला, तर शेवटची नोट. आठशेच्या आठशे फिटले.