तीनशे एकाहत्तर नंबरची बंदूक

गोरक्षनाथ आणि मी जालन्याच्या एकाच लोखंडाच्या कारखान्यात एकतीस वर्षं होतो. तो भंगाराच्या ढिगावर, मी फिटरच्या बाकावर. भट्टीत टाकण्याआधी भंगार निवडावं लागतं. तोंड बंद असलेला डबा किंवा जुनं सिलिंडर आत गेलं तर भट्टी उडते. ते निवडायचं काम त्याचं, उन्हात, वाकून. एकतीस वर्षांत त्याच्या पाळीत भट्टी एकदाही उडाली नाही.

त्या ढिगात त्याला एकदा छर्‍याची बंदूक सापडली. जत्रेत फुगे फोडायला असते तसली, पण वजनाला दुप्पट. नळीवर इंग्रजी अक्षरं होती. कारखान्यातल्या इंजिनिअरनं वाचून सांगितलं, विलायतेची आहे, शंभर वर्षांपूर्वीची. गोरक्षनाथनं मुकादमाला विचारलं, काट्यावर वजन केलं, भंगाराच्या भावानं पैसे भरले आणि ती घरी नेली.

तिथून त्याला नाद लागला. तीस वर्षांत सात बंदुका झाल्या. सगळ्या विलायती, सगळ्या जुन्या. त्याला इंग्रजी येत नव्हतं. अक्षरं तो चित्रासारखी ओळखायचा. आकडे मात्र वाचायचा. स्प्रिंग गेली की ती मी ओढून द्यायचो. आतली चामड्याची चकती मस्तगडचा एक चांभार कापून द्यायचा. पुसायचं काम मात्र गोरक्षनाथनं कधी कुणाला दिलं नाही.

सातवी बंदूक केदारखेड्याला सापडली. आबाराव नावाच्या शेतकऱ्यानं ती गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावली होती. गोरक्षनाथनं तिच्या बदल्यात एक गाभण शेळी दिली.

आशाबाई, म्हणजे त्याची बायको, माझ्यासमोर म्हणाली, "बघा भाऊजी, दूध देणारी दिली अन् दाराची कडी आणली. उद्या मला देतेल अन् कुलूप आणतेल."

"कुलूप बोलत तर न्हाई," तो म्हणाला. तीच आधी हसली.

त्या बंदुकीला नळीखाली दांडा होता, तो ओढून हवा भरायची. नळीच्या मागं बारीक नंबर होता, तीनशे एकाहत्तर. आकडे इतके झिजलेले की डोळ्यापेक्षा अंगठ्यालाच लवकर कळायचे. तो अंगठा फिरवून दाखवायचा. "लाग्ला का हाताला?" मला लागायचा नाही. मी हो म्हणायचो.

गेल्या वर्षी त्याची मुलगी पायल हिनं मोबाईलवर फोटो काढून पुण्याच्या एका जाणकाराला पाठवले. त्या साहेबांनी फोन केला. फोटोत नंबर उमटला नव्हता, तो विचारला. गोरक्षनाथनं सांगितला. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला. मग ते म्हणाले, इतका लहान नंबर असेल तर ही अगदी पहिल्या खेपेतली. अशी बंदूक आपल्याकडं कुणाजवळ असल्याचं मी ऐकलेलं नाही. स्वतः येऊन नंबर बघतो, आणि तुमच्या नावासकट यादीत नोंद करतो.

गोरक्षनाथला विकायची नव्हती. कुणीतरी जाणत्या माणसानं हातात घेऊन "खरी आहे" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. तीस वर्षं लोक त्याला भंगारवेडा म्हणत होते.

साहेबांचा रविवार ठरला आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात गोरक्षनाथच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. त्यासाठी तो पायलकडं संभाजीनगरला गेला. तिथून मला फोन केला.

"वसंता, डॉक्टर जाऊ देऊन न्हाई राह्यला. मी रविवारी सकाळीच येतो. तंवर तू बंदुका साफ करून ठेव. कपाटाची चावी आशाकडं आहे."

साफ. कारखान्यात आमच्या बाकावर साफ म्हणजे एकच. कानस, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग तेल. खालचं पांढरं लोखंड दिसेपर्यंत. काळा डाग राहिला तर वरिष्ठ काम परत पाठवायचे. मी एकतीस वर्षांत परत आलेलं काम केलेलं नाही.

सातव्या बंदुकीपासून सुरुवात केली, कारण तीच सगळ्यात काळी होती. तीन दिवस लागले. हाताला फोड आले. आरशासारखी झाली. बाकीच्या सहा राहून गेल्या.

रविवारी तो काळा चष्मा लावून रिक्षातून उतरला. साहेब आधीच येऊन बसले होते, चहा झाला होता. मी बंदूक त्याच्या हातात दिली. त्यानं अंगठा नळीच्या मागं नेला. पुन्हा नेला. मग दुसऱ्या हाताचा अंगठा लावला.

"वसंता, कशानं पुसलीस?"

मी सांगितलं.

त्यानं बंदूक साहेबांकडं दिली. त्यांनी भिंग काढलं, उजेडात धरली, उलटी केली.

"नंबर कुठाय?"

"होता," गोरक्षनाथ म्हणाला.

"घासलाय."

मी पुढं होऊन म्हणालो, "साहेब, मी घासला. चुकून. नंबर होता, तीनशे एकाहत्तर."

ते माझ्याकडं बघून हसले. वाईट माणूस नव्हता. "तुम्ही मित्र आहात, बोलणारच. नंबर सांगणारे पुष्कळ भेटतात हो. बघायला यावं तर घासलेला असतो." मग गोरक्षनाथला म्हणाले, "असेलही तुमचं खरं. पण आता सांगता येत नाही."

बाकीच्या सहा बघायला ते थांबले नाहीत. आशाबाईनं जेवण केलं होतं, ते तसंच राहिलं.

गाडी गेल्यावर मी म्हणालो, "माझ्याकडं आकडे ठोकायचे पंच आहेत. बारीक मापाचे. त्याच जागी बराबर मारून देतो. कुणाला कळणार न्हाई."

गोरक्षनाथ ओट्यावर बसला होता. चष्म्यामुळं डोळे दिसत नव्हते.

"आज तो मला खोटा म्हनून गेला," तो म्हणाला. "तू पंच मारला तर मी खरंच खोटा व्हईन."

मग त्यानं विचारलं, "किती दिवस लाग्ले तुला?"

"तीन."

"मेहनत बराबर केलीस."

त्यानं हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. कामावर म्हणायचा तसं म्हटलं. आशाबाई आतून म्हणाली, "भाऊजी, जेवून जा," आणि आम्ही दोघं जेवायला बसलो. त्याला ताटातलं नीट दिसत नव्हतं. भाजी कुठं, मीठ कुठं, ते मी सांगत होतो.