झाडूखाली वाढलेली जास्वंद

माझी खाला, म्हणजे मावशी, अख्तरुन्निसा रोज सकाळी रोपांना झाडूने झोडायची. खोटं नाही सांगत. नेरूळला सारसोळे गावाच्या मागे, खाडीकाठी आमची नर्सरी. बुरख्याच्या बाह्या वर, पायात रबरी चपला, हातात जुना फुलझाडू. मारायची म्हणजे एकेका ओळीच्या शेंड्यांवरून फिरवायची, पन्नासदा इकडून, पन्नासदा तिकडून. सोबत शिव्या. काय गं, माजलीस, हल जरा. मग कुंड्या दोन दिवस खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात, दोन दिवस आडोशाला. पाणी कधी दोनदा, कधी दिवसभर नाहीच. माहेरी बोर्लीला तिचे अब्बा मिरचीची रोपं अशीच वाढवायचे. तिचं म्हणणं, रोपाला ऊन, वारा, तहान सगळं थोडं थोडं चाखवलं की ते कीड अंगाला लावून घेत नाही.

मी नववीत शाळा सोडली आणि तिच्याकडे आले. खालू, तिचा नवरा, बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी. विकायचं काम माझं, आणि तिची रोपं विकायला मला लाज वाटायची. बुटकी, जाडी, पानं खरखरीत. समोर सुधीरची नर्सरी, हिरवी जाळी, पाईपचं पाणी, रोपं अशी चकचकीत की तेल चोपडल्यासारखी.

सत्त्याण्णवला आमच्या जागेवर बिल्डिंग येणार हे नक्की झालं. तेव्हाच नेरूळच्या एका नव्या सोसायटीला कंपाउंडला जास्वंद लावायची होती. सेक्रेटरी वैजयंती मॅडम बँकेतल्या, बोलायला सरळ. गेटची डावी बाजू तुमची, उजवी सुधीरची, म्हणाल्या. संक्रांतीला ज्याची झाडं चांगली, त्याला सोसायटीच्या ऑफिसमागची जमिनीची पट्टी नर्सरीसाठी.

पट्टी नाही मिळाली तर खाला बोर्लीला परत जाणार होती. आणि खालाशिवाय मी काय करणार, शिवणक्लास? म्हणून मी डोकं चालवलं. आमची शंभर रोपं, सगळी एकाच झाडाच्या फांद्यांची. त्यातली वीस उचलून घराच्या मोरीमागे लपवली. ना झाडू, ना वारा. सकाळ-संध्याकाळ पाणी, वरून युरिया. महिन्याभरात हिरोइनी झाल्या नुसत्या. खालाने विचारलं, ही एवढी का फुगलीत? मी म्हटलं, शेण जास्त पडलं असेल. लावताना मुद्दाम गेटजवळ लावली, मॅडमची स्कूटर थांबते तिथेच. दिवाळीपर्यंत मॅडम रोज थांबून बघायच्या आणि मी हवेत.

डिसेंबरात सुधीरची बाजू पांढरी पडली. पिठ्या ढेकूण, फांदीफांदीला कापूस चिकटवल्यासारखा. मी रस्त्यातच नाचले. चार दिवसांनी आमची गेटजवळची झाडंही पांढरी. मोजली. वीस.

मॅडमनी खालाला बोलावलं. झाडूबिडू सगळं थोतांड आहे, दोन्ही बाजू सारख्याच, म्हणाल्या. खाला वाकून पानं बघत राहिली.  मग बुरख्याच्या बाहीने एकेक फांदी पुसायला लागली. मला ते बघवेना.

"मॅडम, ही खालाची नाहीत. माझी आहेत. मी लपवून लाडात वाढवली. पुढची ऐंशी बघा, मग बोला."

बघायला गेलो, सुधीरही मागोमाग. एकविसावं झाड विसाव्याला खेटून, पानात पान अडकलेलं, आणि त्यावर चार ढेकूण, बस. बाविसाव्यावर एक. पुढे शोधून सापडेना. मॅडम तीनदा मागे-पुढे चालल्या, चष्मा काढला, परत लावला.

"एकाच झाडाच्या फांद्या?"

"एकाच," खाला म्हणाली. "माती एक, पाऊस एक. फरक फक्त ह्या गधडीचा."

मॅडम इतक्या हसल्या की वॉचमन स्टूल सोडून धावत आला. सुधीर नाही हसला, पण दुसऱ्या सकाळी त्याच्या जाळीमागून सर्र सर्र आवाज येत होता.

पट्टी आमची झाली, मॅडमनी संक्रांतीची पण वाट बघितली नाही. मला शिक्षा म्हणून ती वीस झाडं छाटायची, साबणाच्या पाण्याने धुवायची आणि नवी पालवी आली की रोज झाडू. मी एकटी नसते. मॅडम गाऊनवर खाली येतात, स्वतःचा झाडू घेऊन, मागे बी विंगच्या तीन बायका. वॉचमनला वाटतं कसलंतरी व्रत चालू आहे. खाला मधून फिरते, कमरेवर हात ठेवून.

"मॅडम, हळू. जास्वंद आहे, नवरा नाही."