ईश्वरप्पाचा दिवा

लाकडाचं तोंड खोटं बोलतं, बूड बोलत नाही, असं भवानी पेठेतले ईश्वरप्पा सुतार म्हणत. माणसांना हा नियम लावायचं त्यांनी बासष्ट वर्षांत टाळलं होतं.

त्यांच्या घराण्याला आणखी एक नियम होता: दिवा एकटा सोडायचा नाही. देवापुढचा दिवा फुलाने शांत केल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे. मैंदर्गीपलीकडच्या त्यांच्या गावी एकोणीसशे सत्तावन्न साली देवाचा रथ जळाला. रथ त्यांचे आजोबा मोनप्पा यांनी घडवलेला, आणि रथखोलीत दिवा विसरल्याचा ठपकाही त्यांच्यावरच. हे ठरवलं इनामदारांनी. गावाने मान डोलवली. मोनप्पांनी गाव सोडलं. अजूनही जत्रेला या घराचा नारळ रथापुढे फुटत नाही.

एका दुपारी त्याच इनामदारांचा नातू, प्रभु, टेम्पोतून एक टेबल घेऊन दुकानात आला. सुतार कुणाचा नातू, हे त्याला ठाऊक नव्हतं. कारागिराला आजोबा असतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

"ब्रिटिश काळातलं आहे," तो म्हणाला. "पुण्याच्या फ्लॅटसाठी अगदी असंच दुसरं हवंय. आधी नेमकं साल काढा, म्हणजे घडण तशीच येईल. मी तासाभरात येतो."

ईश्वरप्पांनी टेबल उलटं केलं. पाय गोऱ्या साहेबाच्या थाटाचे, पण आतून मशीनच्या करवतीचे गोल ओरखडे. म्हणजे साठच्या आसपासचे. वरच्या फळ्या मात्र हातकरवतीच्या, जुन्या सागवानाच्या, आणि खुंट्यांची भोकं बुजवलेल्या. टेबलाला एवढ्या जाड खुंट्या लागत नाहीत. कडेला जोडांचे आकडे म्हणून पटाशीने चंद्रकोरी मारलेल्या, आणि प्रत्येक कोर एकाच जागी तुटलेली.

त्यांनी भिंतीवरची मोनप्पांची गोल पटाशी काढली. तिच्या धारेला टवका होता. खाचेत धरली. बसली.

मग खाचांवर कागद ठेवून त्यांनी पेन्सिल घासली, छाप घेतला आणि घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

प्रभु परतला. "लागला काळ?"

"दोन काळ हायती की, मालक. पाय साठच्या सुमाराचं. फळ्या त्याच्या आदीच्या."

"आधीच्या म्हणजे?"

"रथाच्या हायती. जळाला म्हणत्यात त्या."

प्रभु हसला, मग हसायचा थांबला. "ईश्वरप्पा, तुम्हाला वय विचारलं होतं. कूळ नाही."

"फळीनं सांगितलं ते सांगितलं."

त्याने टेबल पुन्हा टेम्पोत चढवलं. जाताना देवापुढच्या दिव्याकडे आणि खालच्या भुशाकडे पाहून तो आपुलकीने म्हणाला, "लाकडाचं दुकान आहे. दिव्याला जपत जा."

घरी त्यांच्या पत्नी सुंदरम्मांनी सगळं ऐकून घेतलं. "टेबल गेलं की ओ. कागदाला कोण विचारतंय?"

"पटाशी आणलीया न्हवं संगं. अन् गावात पंचांकडं जुन्या रथाचं वाचलेलं एक चाक हाय. त्यावर हीच कोर असणार."

"आणि नसली तर?"

"तर आजोबानं दिवा इसरला म्हणायचं."

सकाळी त्यांनी दुकान उघडलं नाही. पटाशी पिशवीत घालून थेट घरून निघाले आणि गावाकडची पहिली एसटी धरली. अक्कलकोट मागे पडलं तेव्हा शेजारच्या दुकानातल्या सिद्धनाथचा फोन आला.

"अप्पा, कुटं हायसा? दुकान पेटलंय! बंब आलाय, पण न्हाय राहिलं काय."

ईश्वरप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रातीचा दिवा राहिला असंल बघा," सिद्धनाथ हळहळत म्हणाला. "समदे तेच म्हणत्यात. तुमच्या आजोबाचंबी असंच झालं होतं म्हणं?"

"कोन म्हणालं?"

"एक टेम्पोवाला हुबा होता हितं. आता दिसंना."

आदल्या संध्याकाळी फूल त्यांनीच ठेवलं होतं दिव्यावर. वात विझेपर्यंत पाहत उभे होते. साक्षीला कुणी नव्हतं. मोनप्पांच्या वेळीही नसावं.

कंडक्टर जवळ आला. "काय झालं, अप्पा? थांबवू का गाडी?"

ईश्वरप्पांनी पिशवीत हात घातला. टवक्याची धार बोटाला लागली.

"नगं," ते म्हणाले. "जाऊ दे म्होरं."