सांगोल्याहून एक दिवस आधी

माझी मुलगी वीस वर्षं तिच्या आईवर रागावून होती. तो राग माझ्या वाट्याचा होता. तो मी तिच्या आईच्या वाट्याला जाऊ दिला आणि त्याच घरात बसून पाहत राहिलो. हे लिहायचं कारण एवढंच.

आम्ही कधीकाळी गुजरातेतून सोलापुरात आलेले मुसलमान व्यापारी. घरात गुजराती वळणाची बोली, गल्लीत दखनी, दुकानात मराठी. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे लिहायला बसलो की मराठीच सुचते. घरातलं बोलणंही इथे मराठीतच लिहितो आहे. आमचं दुकान लोखंडी सामानाचं. खिळे, बिजागऱ्या, कुलपं, फावडी. खाली दुकान, वर घर, मध्ये एक लाकडी जिना. वडील वारले होते. वर राहत होतो आई, बायको, सात वर्षांची मुलगी आणि मी.

मुलग्याची सुंता सगळ्या गल्लीला माहीत असते. त्या दिवशी मिठाई वाटतात, मुलाला नवे कपडे घालून फोटो काढतात. आमच्यात मुलीचीही करत, हे शेजारच्या घरालाही कळत नसे. सातव्या वर्षी, बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत, एखादी जाणती बाई येई आणि दार लावून घेऊन मुलीच्या कोवळ्या अंगाचा एक तुकडा ब्लेडने काढी. मुलीला आधी खाऊ किंवा बाहुली कबूल केलेली असे. नंतर कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलेली असे.

मला हे केव्हा कळलं ते सांगता येणार नाही. आम्हा पुरुषांना ते माहीत असायचं आणि नसायचं. लहानपणी माझी धाकटी बहीण दोन दिवस गादीवरून उठली नव्हती. काय झालं म्हणून विचारलं तर आईने मला पतंग घेऊन गच्चीवर पिटाळलं. पुढे लग्न झाल्यावर बायकोच्या तोंडून कधी अर्धं वाक्य बाहेर पडलं, ते मी पुरं होऊ दिलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं, त्र्याहत्तरचा उन्हाळा. शेतीवाल्यांचा बाजार बसला होता, पण दुष्काळी कामांवर घमेली, टिकाव, पहारी लागायच्या आणि त्या आमच्याकडून जायच्या. सांगोल्याकडे एका तलावाच्या कामावर माल पोचवायचा होता. शुक्रवारी ट्रक निघणार होता. त्या आठवड्यात एका दुपारी मी जेवत असताना बायको समोर येऊन बसली.

"बाई शुक्रवारी येणार आहे," ती म्हणाली. "शनिवारी रात्रीच्या गाडीने परत जाणार. माजींनी आपलं घर सांगून ठेवलंय." माजी म्हणजे माझी आई.

मी भाकरी मोडत राहिलो.

"तुम्ही एकदा नाही म्हणा. तुमच्या शब्दापुढे माजी जाणार नाहीत."

"हा बायकांचा मामला. मी काय बोलू त्यात?"

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला सुद्धा तुम्हाला नाही म्हणता येत नाही. म्हणून दुसरं सांगते. तोंड उघडायचंच नाही. पोरीला ट्रकमध्ये घ्या, सांगोला दाखवायला नेतो म्हणा, आणि रविवारी संध्याकाळी परत या. दोन रात्री. बाई वर्षातून एकदाच येते. एक वर्ष गेलं की पोर मोठी होते, समजायला लागते, मग हे लोक नाद सोडतात."

"आणि आईने विचारलं तर?"

"तर माझ्यावर घाला. माझ्यावर रोजच काहीतरी येतं, त्यात अजून एक."

मी हो म्हणालो. माझ्यासारख्या माणसाला जमेल एवढीच गोष्ट तिने मागितली होती.

आईबद्दल लिहायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. ती दुष्ट नव्हती. नात तिच्या कुशीत झोपायची. पोरीला गोवर आला तेव्हा तीच आठ दिवस उशाशी बसून होती. पण तिच्या आईने तिचं केलं होतं, आजीने आईचं केलं होतं, आणि न केलेली मुलगी तिच्या लेखी नखं न काढलेल्या मुलीसारखी अस्वच्छ होती. पुढे अशा मुलीचं मन थाऱ्यावर राहत नाही, सासर टिकत नाही, असंही ती म्हणे. त्यावर आणखी भीती होती समाजाची. आमच्याकडे लग्न असो की दफन, वडीलधाऱ्यांच्या मर्जीशिवाय पान हलत नसे. एखाद्या घराने एक गोष्ट सोडली की बायका आपसात विचारायच्या, "त्यांच्या मुलीचं झालं का?" आणि तो प्रश्न फिरत फिरत मशिदीपर्यंत यायचा. मला आईपेक्षा त्या प्रश्नाची भीती जास्त होती.

शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. आईने वरून खिडकीतून पाहिलं, पण ट्रकवाल्यासमोर ती काही बोलली नाही. मुलगी ड्रायव्हरच्या आणि माझ्या मध्ये बसून वाटभर गात होती. माझं लक्ष गाण्यात नव्हतं. आई आता काय म्हणत असेल, बाई आली असेल, काय सांगितलं असेल, एवढंच डोक्यात चाललेलं.

माल दुपारपर्यंत उतरला. कामावरच्या मुकादमाच्या घरी आमची राहायची सोय होती. त्यांची मेंढरं पाण्याअभावी निम्मी उरली होती. चार कोकरं मात्र अंगणात उड्या मारत होती, आणि मुलगी त्यांच्यामागे. मुकादमाच्या बायकोबरोबर ती टँकरच्या रांगेत छोटी कळशी घेऊन उभी राहिली आणि अर्धी सांडत घेऊन आली.

"शेट, पोरीला ह्या उनात कशाला आनलं वं?" मुकादमाची बायको म्हणाली. "आई न्हाय व्हय घरी?"

"आहे की."

"मग रुसलीया काय तुमच्यावर? बापाच्या गळ्यात पोर बांधून बसली निवांत."

सगळे हसले. मीही हसलो. त्या रात्री झोप आली नाही.

शनिवारी सकाळी मला काहीही काम नव्हतं. एक रिकामा दिवस काढायचा होता, बस्स. कामावर जाऊन बसलो, परत आलो, पुन्हा गेलो. परत गेल्यावर आई माझ्याशी बोलणार नाही. बाई जाऊन दहा घरांत सांगेल की अमक्याने मुलीला पळवून नेलं. चुलतभावाच्या मुलाचं लग्न तोंडावर होतं, तिथे मला कोण काय विचारेल? दहाच्या सुमाराला मी मुलीला जवळ बोलावलं आणि कपाळाला हात लावला.

"तुला ताप आहे."

"नाही बावा."

"आहे. आपण घरी जाऊ."

"माँ म्हणाली दोन रात्री राहायचं. एकच झाली."

मुकादमाच्या बायकोने हात पुसून तिच्या मानेला लावून पाहिला. "ताप न्हाय वं. ऊन लागलंय नुस्तं. गूळपानी देते, जरा सावलीत बसवा."

मी ते ऐकलं. ऐकून पोरीच्या चपला शोधल्या आणि स्टँडवर गेलो. अकराची एसटी मिळाली. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की बाई दुपारच्याच गाडीने गेली असेल असं मला वाटलं होतं. तसं वाटलं नव्हतं. हा निर्णय माझ्या हातून काढून घेणारं कुणीतरी मला हवं होतं, आणि ते माणूस सोलापुरात होतं.

तीनच्या सुमाराला घरी पोचलो. दार बायकोने उघडलं. तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दाराची कडी धरून तशीच उभी राहिली.

"पोरीला ताप आहे," मी म्हणालो.

आतून आई आली. नातीच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "ताप कुठला? चल, हातपाय धू." बाई उतरली होती त्या शेजारच्या गल्लीत निरोप गेला. मी खाली दुकानात जाऊन बसलो.

बाई यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात बायको जिना उतरून दुकानाच्या मागच्या दारात आली. दुकान चालू असताना ती कधी खाली येत नसे.

"अजून वेळ आहे," ती हळूच म्हणाली. "पोरीला पाठवते. सात रस्त्याच्या चौकात रस पाजायला न्या, सिनेमाला न्या, कुठेही न्या. रात्री आठला गाडी आहे तिची. तोवर येऊ नका."

"गिऱ्हाईक आहे," मी म्हणालो.

गिऱ्हाईक होतं, हे खरं. एक सुतार होता. त्याला अर्धा किलो दीड इंची खिळे हवे होते.

बायको वर गेली. थोड्या वेळाने कापडी पिशवी काखेत धरून बाई आली. साठीची, चष्मा लावलेली, माझ्या वडिलांना ओळखणारी. सवयीने मी उठून उभा राहिलो आणि सलाम केला. तिने माझी खुशाली विचारली. मी म्हणालो, बरं आहे. ती जिना चढून वर गेली.

मी खिळे तोलत होतो. वरून हाक आली, "बावा!" एकदाच. त्यानंतर शब्द नव्हते.

सुतार वर बघून म्हणाला, "पोर रडतीय की शेट."

"इंजेक्शन देतायत," मी म्हणालो.

खिळे पाऊण किलो भरले होते. मी वरचे काढले नाहीत, तसेच बांधून दिले.

मुलीला धरून बायको बसली होती. हे मला नंतर कळलं. आईने एका शेजारणीला बोलावलं होतं, पण बायको म्हणाली, धरायचंच तर मी धरीन, परकी नको. तिचा एक हात मुलीच्या डोळ्यांवर होता. मुलीला पुढे एवढंच आठवत राहिलं. आईचे हात. आईने सोडलं नाही.

दोन दिवस ती लघवीला जायला घाबरत होती. तिसऱ्या दिवशी खरोखरीचा ताप आला. डॉक्टरला बोलावलं नाही, कारण डॉक्टर विचारणार. आईने हळद लावली, नातीच्या आवडीचा मलिदा केला आणि रात्रभर जागली. त्या तापात मुलीने मला विचारलं, "बावा, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही बेटा. माहीत असतं तर तुला आणलं असतं का?"

बायको तिथेच ओल्या फडक्याची घडी घालत होती. तिचे हात क्षणभर थांबले, मग तिने ती घडी मुलीच्या कपाळावर ठेवली.

नंतर मी बायकोला म्हणालो, हवं तर मी पोरीला खरं सांगतो. ती म्हणाली, "आता नका सांगू. ह्या घरात एका तरी माणसावर तिचा भरवसा राहू दे. माझ्यावरचा तर गेलाच." मी ते लगेच मान्य केलं. त्यात तिचं काय गेलं, हे त्या वेळी मला दिसलं नाही, किंवा मी पाहिलं नाही.

चुलतभावाच्या मुलाच्या लग्नात बायकांकडच्या पंगतीत फ्रॉक घातलेल्या मुली वाढत होत्या. आठ वर्षांच्या, दहा, बारा. मी एकेकीकडे बघत मनात म्हणत होतो, हिचं झालं असेल, हिचंही. मग त्यांच्या आया, त्यांच्या आज्या. समाजात हे चालतं एवढं ठाऊक होतं, पण तोवर मी कधी असे चेहरे मोजले नव्हते. शेजारी काचसामानाचा व्यापार करणारा एक नातेवाईक बसला होता, तीन मुलींचा बाप. मी त्याला विचारायचा प्रयत्न केला.

"घरात बायका कोणत्या डब्यात काय ठेवतात हे तू विचारतोस का?" तो म्हणाला. "मग हे कशाला विचारतो? जेव. बिर्याणी गार होतीय."

आम्ही दोघेही जेवलो. त्या मांडवातल्या प्रत्येक बापाने असंच काही न विचारता जेवण उरकलं होतं, म्हणून ती बाई दर उन्हाळ्यात निर्धास्त येऊ शकत होती. ब्लेड बायकांच्या हातात होतं, हे खरं. पण जिन्याखाली आम्ही बसलेलो असायचो.

मुलगी आईशी कामापुरतं बोलायची. केसांना तेल लावून घ्यायची नाही. लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हा निघताना माझ्या गळ्यात पडून रडली आणि आईला लांबूनच सलाम करून गाडीत बसली. बायको जिन्यात उभी होती. माझी आई त्याआधीच वारली होती, तिला जाब विचारणं आता शक्य नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मुलगी तिच्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तिला चार दिवस नवऱ्याबरोबर बाहेरगावी जायचं होतं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बावा, तुम्ही दुकान बंद ठेवणार असाल तरच हिला इथे ठेवते. माँजवळ एकटी सोडणार नाही. रात्री हिला तुमच्याजवळ घ्या."

बायको आत तांदूळ निवडत होती. तिला ऐकू गेलं असणार. सुपाचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

तेव्हा मी सांगितलं. ट्रक का निघाला, दोन रात्री कुणी ठरवल्या, एसटी कुणी धरली, खाली येऊन कोण काय म्हणालं आणि मी काय उत्तर दिलं. क्रमाने, काही न वगळता. मुलगी उभी होती, मध्येच खाली बसली.

"मला तर आठवतं, मला ताप होता," ती म्हणाली.

"नव्हता. मी तुला इतक्या वेळा सांगितलं, म्हणून आठवतो."

"आणि माँ वीस वर्षं गप्प राहिली."

"हो."

ती आत गेली. दार लोटलं. मी कान लावला नाही. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. तिने मुलीची पिशवी उचलून आईच्या खाटेजवळ नेऊन ठेवली आणि मला म्हणाली, "ही माँजवळ झोपेल. तिला कुठे बाहेर न्यायचं असेल तर माँ नेईल. तुम्ही एकटे नेऊ नका."

मी म्हणालो, बरं.

चार दिवस मी दुकान उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी नात माझं बोट धरून म्हणाली, नाना, मला तलाव दाखवा. मी तिला जिन्यापाशी थांबवलं आणि वर तोंड करून बायकोला हाक मारली. ती ओढणी घेत खाली आली. ती नातीला घेऊन पुढे गेली आणि मी गल्ल्यावर जाऊन बसलो.