मिल्ट्रीच्या गाडीवर खर्र्याच्या पिचकाऱ्या

मंडळी, डोकं जाम फिरलं आहे, म्हणून लिहून राह्यलो.

माझ्याकडे फौजेतून लिलावात निघालेला जुना ट्रक आहे, हे तुम्हाले माहीत आहे. दोन वर्षं लोहारा गावच्या गॅरेजमध्ये त्याच्याखाली लोळलो. ब्रेक, वायरिंग, सडलेला पत्रा, सगळं नवं केलं. मागच्याच आठवड्यात हिरवा रंग मारला.

आज आमच्या गावचे सुभेदार काका फौजेतून रिटायर होऊन आले. गावकरी म्हणाले, "भाऊ, मिरवणूक तुमच्याच गाडीवर काढू." मी खुशीखुशी गाडी देल्ली.

मिरवणूक संपल्यावर पाहतो त ट्रकच्या तिन्ही बाजूंच्या फाळक्यांवर तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या! वर 'भारत माता की जय' चालू होतं अन् खाली थुंकणं. ताज्या रंगावरून तांबडे ओघळ आले होते.

वरून एक जण म्हणते, "एवढं काय भाऊ, जुनीच त गाडी हाय."

सुभेदार काकांनी गळ्यातले हार काढले अन् बादली मागितली. म्हणाले, "आमच्याकडे फौजेत गाडी धुतल्याशिवाय जमा होत नाही." आपल्याच सत्काराची घाण तो माणूस आपल्या हातानं पुसू लागला. मी फडकं घेऊन धावलो. बाकीचे गालात खर्रा धरून मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढत उभे होते.

तोच व्हिडिओ आत्ता याच ग्रुपवर आला आहे, 'जवानाचा साधेपणा' म्हणून.

व्हिडिओ टाकणाऱ्याले एकच विचारतो. थुंकायले तोंड होतं, पुसायले हात नव्हते काय?