बुजवलेल्या खड्ड्याचा पंचनामा

गेल्या पावसाळ्यात, एका मंगळवारी सकाळी अकराच्या आत, माझ्या थोरल्या भावाचा टेम्पो निपाणीच्या अलीकडे सर्व्हिस रोडवरच्या खड्ड्यात आदळून डाव्या अंगावर उलटला. मागे वडगावच्या मागांवर विणलेल्या साड्यांचे गठ्ठे होते. शेजारच्या सीटवर वहिनी होती. माहेरी जायचं म्हणून ती त्या दिवशी बरोबर निघाली होती. आधारासाठी पुढं केलेल्या तिच्या उजव्या हाताचं मनगट दोन ठिकाणी मोडलं. भावाला खरचटलं.

वेळ अंदाजानं लिहिलेली नाही. टोल कापल्याचा मेसेज दहा त्रेचाळीसचा आहे. भावानं, म्हणजे अण्णानं, मला फोन केला तो दहा सत्तावन्नला. म्हणजे टोल घेतल्यापासून चौदा मिनिटांच्या आत त्या रस्त्यानं टेम्पो उलटवला होता.

तिथं पुलाचं काम चालू आहे. मुख्य रस्ता बंद करून सगळी वाहनं सर्व्हिस रोडवर वळवलेली आहेत. त्याची रुंदी दोन ट्रक जेमतेम जातील इतकी. पावसाचं पाणी वाहून जायला वाट नाही. खड्डा पाण्याखाली होता. टोल मात्र पूर्ण रस्त्याचा घेतात.

दुपारी दवाखान्यातूनच मी महामार्गाच्या तक्रारीच्या नंबरावर फोन केला. जागा सांगितली, तक्रार क्रमांक लिहून घेतला. बुधवारी वहिनीच्या मनगटात प्लेट बसवली. ती पंधरा वर्षं माग चालवते. सुटलेला धागा चालत्या मागावर दोन बोटांत धरून गाठ मारण्याचं तिचं काम. डॉक्टरांनी बोटं हलवून बघायला सांगितली, तेव्हा अंगठा हलला, बाकीची हलली नाहीत.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "जागा भरून या."

हा आमच्या गल्लीतल्या टेम्पोवाल्यांचा रिवाज आहे. गाडी जिथं पडते ती जागा घरच्यांनी जाऊन बुजवायची, कडेला दहीभात ठेवायचा, नारळ फोडायचा. जागेनं दुसऱ्या कुणाला ओढू नये, हे त्यामागचं कारण. सरकारनं खड्डा बुजवायची वाट कुणी बघत नाही. लहानपणापासून हे बघत आलोय, त्यामुळे त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी माझ्या गाडीच्या डिकीत मुरमाची सहा पोती आणि विटांचे तुकडे टाकून अण्णा आणि मी निघालो. टोलनाक्यावर रांग होती. एका गाडीचा टॅग वाचला जात नव्हता, मागचे हॉर्न वाजवत होते. लोक खाली उतरले होते.

"टोल द्यायला ना न्हाय हो," पुढच्या गाडीतला माणूस म्हणाला. "पण रस्ता तरी द्या."

"दिलाय की," मागचा ट्रकवाला म्हणाला. "निम्मा तुम्हाला, निम्मा म्हशींना डुंबायला."

"माझं शेत नाक्याच्या पल्याड हाय. भांगलायला जायचं तरी ह्यांना पैसे."

"पास काढा की आप्पा."

"काढलाय. महिना झाला की परत कागद आणा म्हणतात. शेत काय महिन्याला हलतंय व्हय रं?"

टॅग वाचणारं यंत्र हातात धरून नाक्यावरची बाई गाडीपाशी उभी होती. तिला कुणीतरी मोठ्यानं विचारलं, पैसे घेताय ते जातात कुठं? ती म्हणाली, "मला इच्यारू नका दादा. मी बी ह्याच रस्त्यानं येती. परवा माझी गाडी पंक्चर झालती." लोक हसले. दांडा वर गेला. आमचे पैसे कापले गेले. खड्डा बुजवायला जाणाऱ्या गाडीलाही टोल आहे, ही गोष्ट अण्णानं मोठ्यानं म्हटली.

खड्डा भरायला सव्वा तास लागला. आधी डबड्यानं पाणी उपसलं. माझा पाय पोटरीपर्यंत आत गेला. विटा खाली, मुरूम वर, पायानं चेपला. अण्णानं दहीभात ठेवला, नारळ फोडला, एक भकल तिथंच कडेला ठेवलं. जाणारे काही जण थांबले, एकानं हात जोडले.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर वीस वर्षं काम करतो. बातमी आली की वार्ताहराला माझा पहिला प्रश्न असतो, फोटो आहे का? त्या सकाळी माझ्या खिशात फोन होता. मुरूम टाकण्याआधी मी खड्ड्याचा एकही फोटो काढला नाही.

शुक्रवारी हवालदार पंचनाम्याला आले. अण्णाला जागेवर बोलावलं होतं, मीही गेलो. हवालदारांनी दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा पावलं चालून बघितलं आणि विचारलं, "एल्लैत्री गुंडी?" खड्डा कुठं आहे?

"हा काय," अण्णानं मुरमाकडं बोट दाखवलं.

"हा खड्डा न्हाय. ही माती हाय."

"आम्हीच भरला की साहेब, काल."

"का भरला?"

अण्णानं कारण सांगितलं. हवालदार नारळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "देवाचं केलंत, बरं केलंत. पर मी डोळ्यांनी दिसतंय तेच लिवणार." त्यांनी कन्नडमध्ये पंचनामा लिहिला आणि वाचून दाखवला. रस्ता सपाट. घटनास्थळी खड्डा आढळून आला नाही. चालकानं वाहन वेगानं व निष्काळजीपणे चालवल्यामुळे शेजारी बसलेली त्याची पत्नी गंभीर जखमी झाली. गुन्हा अण्णावर दाखल झाला. टेम्पो पावसात चौकीच्या आवारात उभा राहिला.

शनिवारी माझ्या फोनवर मेसेज आला. तक्रारीचं निवारण झालं आहे. सोबत फोटो होता. फोटोत आमचा मुरूम होता, त्यावर अण्णाच्या चपलेचे ठसे होते आणि कडेला नारळाचं भकल होतं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, देखभाल पथकाकडून खड्डा बुजवण्यात आला.

मी रस्त्याची देखभाल करणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या इंजिनिअरनं कॉम्प्युटर बघितला आणि सांगितलं, त्या आठवड्यात त्या जागेवर खड्डा असल्याची आमच्याकडे नोंद नाही.

"मग बुजवलंत ते काय?" मी विचारलं.

"तो दुसरा विभाग आहे."

"पथक गेलं होतं का?"

"फोटो आहे म्हणजे गेलंच असणार."

"नारळ कुणी फोडला?"

त्यांनी फोटो मोठा करून बघितला. "आमची पोरंही श्रद्धाळू आहेत," असं म्हणाले आणि चहा मागवला. मी चहा घेतला नाही. लेखी उत्तर मागितलं, ते नऊ दिवसांनी मिळालं. त्यात दोन परिच्छेद आहेत. पहिल्यात त्या जागी खड्डा नव्हता असं म्हटलं आहे. दुसऱ्यात तो तत्परतेनं बुजवल्याचं म्हटलं आहे. दोन्हींखाली एकच सही आहे.

दिवाळीनंतर आरोपपत्र आलं. वकिलांनी अण्णाला सरळ मार्ग सांगितला. "गुन्हा कबूल करा, दंड भरा, एका तारखेत मोकळे व्हाल. न्हायतर वर्षानुवर्षं हेलपाटे."

"आणि लायसन?"

"ते सांगता येत न्हाय. कबूल केलं तर आरटीओ काही महिने रद्द करू शकतं. जास्त बी करू शकतं."

अण्णाला दुसरं काम येत नाही. पण त्या संध्याकाळी घरी त्यानं लायसनचं नावही काढलं नाही. "हिचा हात मी मोडला असं मी लिहून देऊ?" एवढंच तो आईला म्हणाला. वहिनी आत कणीक मळायचा प्रयत्न करत होती. तिथूनच म्हणाली, "लिवून द्या की. मग मी बी लिवून देती, पंधरा वर्षं ह्यांच्या गाडीत बसतीया, येड लागलंय मला." आई हसली. अण्णा हसला नाही.

वकिलांनी कंपनीचं पत्र आणि मेसेजमधला फोटो फाईलला लावला. जो खड्डा नव्हता तो बुजवला कसा, हा प्रश्न त्यांनी पेन्सिलनं पत्राच्या कडेला लिहून ठेवला.

पहिल्या तारखेला निपाणीच्या कोर्टात आरोप वाचून दाखवण्यात आला. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर अण्णानं नाही म्हणून सांगितलं. ते नोंदवून घेण्यात आलं. सरकारी पक्षाच्या साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव वहिनीचं आहे. तिचं समन्स परवा घरी आलं. तिनं ते सही करून घेतलं.